प्रतिकृती आणि प्रामाणिकता

तैलरंगातील व्यक्तिचित्रण शिकू पाहणाऱ्याने एखाद्या अभिजात चित्राची प्रतिकृती करावी, ही युरोपीय कलाशिक्षणातील जुनी रीत आहे. तिच्यावर घेतला जाणारा आक्षेप मुळात नैतिक आहे : दुसऱ्याचे पाहणे गिरवणारा स्वतःच्या पाहण्याशी प्रतारणा करतो. परंतु प्रतिकृतीत नेमके कशाचे अनुकरण होते, हे तपासल्याखेरीज हा आक्षेप स्वीकारता येत नाही.

राफाएलने १५१४-१५च्या सुमारास रंगवलेले बाल्दासारे कास्तिल्योने याचे व्यक्तिचित्र पाहावे. शिकणाऱ्यापुढे असतो तो सुकलेला पृष्ठभाग. थरांचा क्रम त्याला दिसत नाही. गालावरची ऊब खालच्या थरातून येते की वरच्या पारदर्शक लेपातून, हे त्याला ठरवावे लागते. त्यात तेलाचे प्रमाण थरागणिक वाढते ठेवावे लागते, एरवी वरचा थर आधी सुकून तडकतो. शंकुकाच्या अनुकरणवादावर भट्टतौताने घेतलेला आक्षेप येथे आठवतो : जे पाहिलेलेच नाही, त्याचे अनुकरण कसे संभवते? नटाने राम पाहिलेला नसतो. प्रतिकृतीकारानेही राफाएलचा चालता हात पाहिलेला नसतो. म्हणजे दृश्याची नक्कल करता करता तो अदृश्य निर्णयांचे अनुमान करू लागतो, आणि त्या अनुमानाचे दायित्व सर्वस्वी त्याचे असते.

याच चित्राची रुबेन्सने प्रतिकृती केली. १६३९मध्ये ॲम्स्टरडॅमच्या लिलावात रेम्ब्रांटने ते पाहिले, लेखणीने टिपून घेतले आणि कडेला ३५०० गिल्डर ही किंमतही नोंदवली. त्याच्या रेखाटनात टोपी मुळाहून तिरपी झाली. १६४०च्या त्याच्या आत्मचित्रात या चित्राची आणि तितियानच्या एका व्यक्तिचित्राची छाया आहे. चेहरा मात्र त्याचाच आहे. परक्या चित्राला शरण गेल्याने त्याचे स्वत्व लोपले, असे येथे म्हणता येत नाही.

बनावट चित्र आणि अभ्यासाची प्रतिकृती यांतील भेद कारागिरीत शोधणे व्यर्थ आहे. तो त्यांच्यामागील दाव्यात असतो. बनावट चित्र आपले ऋण लपवते, प्रतिकृती ते उघडपणे मान्य करते. तथापि एक धोका उरतो. मूळ चित्रात उत्तरे आधीच दिलेली असतात, शोधायचा असतो तो त्यांचा मार्ग. समोर बसलेला जिवंत माणूस हलतो, थकतो, त्याच्यावरचा प्रकाश सरकतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर कोणाचाही निर्णय आधी उमटलेला नसतो. तेथेही जो राफाएलचाच गाल रंगवतो, त्याच्यापुरता मूळ आक्षेप खरा ठरतो.