साळुंक्यांची तारामती

परवा फराळाच्या गडबडीत आमची धाकटी रडत स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिची करंजी वाकडी झाली म्हणून आजीने ती मोडायला लावली होती. तिची समजूत घालायला मी पुढे झालो आणि मनात ओशाळलो. वर्गात इतकी वर्षे मी दुसरे काय करीत आलो आहे?

एक विद्यार्थी निबंधाची वही नेहमी कोरीच आणी. आळशी म्हणून मी त्याला उभा करी. एके दिवशी त्याच्या दप्तरातून चुरगळलेले कागद पडले. एकाच निबंधाचा आरंभ त्यांवर सात-आठ वेळा लिहून खोडलेला होता. "सर, तुमच्या लाल शाईची भीती वाटते," तो म्हणाला. मला डोळे आले ते असे. पण तोवर वर्ष सरले होते. त्याचा निबंध मला कधीच वाचायला मिळाला नाही.

तुम्ही म्हणाल, चोख काम करणे हा काय गुन्हा? मुळीच नव्हे. मग चोखपणाचे दुखणे केव्हा होते?

आमच्या नाशकात पांडवलेण्याच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचे स्मारक आहे. तिथे गेलो की मला त्यांची तारामती आठवते. फाळके काही कसेबसे उरकणारे नव्हेत. वाटाण्याचे रोप वाढताना दाखवायचे म्हणून दिवसामागून दिवस एकेक चित्र टिपणारा तो माणूस! पण 'राजा हरिश्चंद्र'साठी एकही स्त्री पडद्यावर यायला तयार होईना. तेव्हा त्यांनी ग्रँट रोडवरच्या उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडे नेसवले आणि १९१३ साली चित्रपट लोकांपुढे ठेवला. मनाजोगत्या तारामतीसाठी ते अडून बसते, तर हरिश्चंद्रही अडला असता. पुढे नाशकात काढलेल्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या. पहिले काम जसे जमले तसे पुरे झाले, म्हणून तर दुसऱ्याला वाट मिळाली.

दुखण्याची खूण मला इथे सापडली. हात चालता ठेवतो तो चोखपणा कामावरच्या प्रेमाचा. हात थांबवतो तो लोकनिंदेच्या भयाचा. माझी एक कादंबरी पहिल्या प्रकरणापाशीच सहा वर्षे अडली होती, तेव्हा मला कादंबरीची काळजी नव्हती, माझ्या नावाची होती. आता मी लिहिताना मागचे पान उलटत नाही. वही तपासताना आधी एक बरे वाक्य शोधतो, मग चुका, त्याही मोजक्या.

धाकटीला मी पुन्हा पोळपाटाशी नेऊन बसवले. म्हटले, "आई, हिची वाकडी चालू दे."

"वाकडी चालेल रे," आई म्हणाली, "पण कड नीट दाबायला सांग. ती सुटली की सारे सारण तेलात!"

प्रत्येक कामाला अशी एक कड असते. तेवढी घट्ट दाबावी. बाकीचा आकार ज्याच्या-त्याच्या हातावर सोडावा.