ब्याण्णवांतला एक

मामा निवृत्त गणित शिक्षक, वय 70. भाची सातारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी. मामांनी रक्तदाबाची गोळी कुणालाही न सांगता बंद केली आणि काही आठवड्यांनी भाचीनं मोजला तेव्हा दाब 168/84 निघाला. संवाद काल्पनिक आहे. औषधं, आकडे आणि पेच खरा आहे. असे मामा अनेक घरांत आहेत. त्यांना हट्टी ठरवून गप्प बसवणं मला अन्यायाचं वाटतं, म्हणून इथे त्यांना पुरतं बोलू दिलं आहे.

मामा: गोळी घेत होतो तेव्हा मला काही होत नव्हतं. बंद केली, तरी काही होत नाही. अजिंक्यताऱ्यावर चढून येतो, झोप लागते, जेवण जातं. मग गोळीचा उपयोग होतो हे मी कशावरून मानायचं?

भाची: तुमच्या अंगावरून ते कळणारच नाही, मामा. 168 चा दाब दुखत नाही. रक्तवाहिन्या, हृदयाचा डावा कप्पा, मूत्रपिंडं, डोळ्यांचा पडदा, सगळं वर्षानुवर्षं झिजत असतं आणि माणूस गड चढत असतो.

मामा: म्हणजे साक्षीदार नाही, जखम नाही, तक्रार नाही, आणि शिक्षा मात्र जन्मठेपेची.

भाची: 1945 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले. त्या दुपारी त्यांच्या डॉक्टरांनी 300/190 दाब नोंदवला होता. एवढा ताकदवान माणूस, पण त्याला द्यायला धड औषधच नव्हतं.

मामा: 300 ची भीती मला घालू नकोस. माझ्या 168 चं बोल.

भाची: बोलते. 1991 साली अमेरिकेतल्या ‘शेप’ चाचणीचा निकाल आला. 60 वर्षांपुढची 4736 माणसं, वरचा आकडा 160 च्या पुढे, खालचा 90 च्या आत. अगदी तुमच्या जातकुळीची. निम्म्यांना औषध दिलं, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. पाच वर्षांत खोट्या गोळीवाल्यांत शंभरी 8.2 जणांना पक्षाघाताचा झटका आला, औषधवाल्यांत 5.2 जणांना.

मामा: थांब, हिशेब मी करतो. आठातून पाच गेले, राहिले तीन. शंभरातले तीन वाचले. पाच जणांना गोळी घेऊनही झटका आला. आणि उरलेल्या ब्याण्णवांना गोळी न घेताही काही होणार नव्हतं. मी त्या ब्याण्णवांतला असेन. शक्यता माझ्या बाजूनं आहे.

भाची: असाल. मी नाही म्हणत नाही.

मामा: डॉक्टर असं कबूल करत नाहीत.

भाची: नाही करत. ओपीडीत रांग दारापर्यंत असते. एकेकाला हा हिशेब सांगत बसले तर अर्धे गोळ्या सोडतील असं वाटतं. म्हणून मीही म्हणते, गोळी चुकवली तर एक अंग लुळं पडेल. लोक घाबरतात आणि घेतात.

मामा: भीतीनं सुरू झालेली गोळी भीती ओसरली की सुटते. माझी तशीच सुटली. सहा महिने घाबरलो. काही झालं नाही म्हटल्यावर भीती गेली, तिच्यामागून गोळी गेली.

(इथे भाचीची अडचण मामांपेक्षा मोठी आहे असं मला वाटतं. खरं सांगावं तर माणूस औषध सोडेल, आणि अर्धं सांगावं तर तो जे घेतो ते समजून घेत नाही. पहिल्यात धोका जिवाला, दुसऱ्यात विश्वासाला.)

भाची: पावसाळ्याआधी आपण कौलं चाळून घेतो. कोणत्या कौलानं कोणती सर अडवली, असं कुणी विचारतं का?

मामा: हा दाखला लागू नाही. कौलं चाळली नाहीत तर पहिल्याच पावसात गळतं आणि घरभर पातेली मांडावी लागतात. माझ्याकडे पातेल्यात थेंबही नाही.

भाची: खरं आहे, नाही लागू होत. गळणारं घर दुसरी संधी देतं, मेंदू बहुतेकदा देत नाही. जेफ्री रोज या ब्रिटिश तज्ज्ञांनी 1981 मध्ये हा पेच मांडला होता: प्रतिबंधक उपायानं समाजाचा मोठा फायदा होतो, पण त्यातल्या एकेकट्याच्या पदरात फारच थोडं पडतं.

मामा: मग तीन परक्या माणसांसाठी मी रोज गोळी गिळायची?

भाची: ते परके कशावरून? शंभर जणांत ते तिघं कोण, हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. नंतरही नसतं. माझ्या रुग्णांपैकी ज्यांचा झटका टळला, त्यातल्या एकाचंही नाव मला सांगता येणार नाही. ज्याचा टळला तोही तुमच्यासारखाच म्हणत असेल, मला काही होत नाही. शिवाय तुम्ही फक्त झटके मोजलेत. त्याच चाचणीत हृदय कमजोर पडण्याचं प्रमाणही जवळजवळ निम्म्यावर आलं.

मामा: तूही एकच बाजू मोजतेस. कॅनडात हॅमिल्टनच्या पोलाद कामगारांचा अभ्यास झाला होता. तुम्हाला रक्तदाब आहे एवढं सांगितल्यावर त्यांच्या कामावरच्या दांड्या वाढल्या. वाचलंय ना?

भाची: वाचलंय, 1978 चा. तुम्ही कुठे वाचलात?

मामा: घरी बसून काय करतो मी? नुसत्या शिक्क्यानंही माणूस आजारी होतो. माझ्या ताटातलं लोणचं गेलं, ते ठीक. पण बाजारातून पिशवी आणायला निघालो की नातू हातातून काढून घेतो. गोळीची ही किंमत हिशेबात धरायची की नाही?

भाची: धरायची. मी ती धरत नाही, हे तुमचं म्हणणं मान्य. पण मामा, जरा पायमोजे काढता?

घोट्याच्या वर मोज्याच्या रबराचा खोल वळ होता. भाचीनं नडगीवर अंगठा दाबून ठेवला. उचलल्यावर तिथे खळगा राहिला आणि तो हळूहळू भरत गेला.

भाची: गोळी बंद केल्यावरही सूज अजून थोडी आहे. आधी किती होती?

मामा: संध्याकाळी चप्पल रुतायची. वाटलं, मूत्रपिंडं गेली. तुला सांगितलं असतं तर आणखी एक गोळी वाढवली असतीस.

भाची: अ‍ॅम्लोडिपिन 10 मिलिग्रॅम घेत होतात. ही सूज त्या गोळीची असावी. बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात आणि पाणी पायांत उतरतं. डोस जास्त तशी सूज जास्त. मूत्रपिंड तपासूच, पण म्हणजे तुम्ही गोळी सोडलीत ती गणितानं नव्हे, पायांनी.

मामा: पायांनी सोडली म्हणून गणित चुकीचं ठरत नाही. माझा प्रश्न सुजेत गुंडाळून ठेवू नकोस.

भाची: नाही ठेवत. पण सूज मला कळली असती तर तेव्हाच 10 ची 5 करून जोडीला टेल्मिसार्टन दिली असती. ती सूजही कमी करते.

मामा: रसायनांवर रसायनं. त्यापेक्षा आमच्या वडिलांची सर्पगंधा बरी.

भाची: सर्पगंधेला कमी लेखू नका. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिच्याबद्दल लिहिलं आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. 1952 मध्ये तिच्या मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं. पुढे 1967 च्या अमेरिकन चाचणीत जी तीन औषधं एकत्र दिली, त्यात एक रिसर्पिनच होतं. खालचा आकडा 115 ते 129 असलेले 143 पुरुष. औषधाविना ठेवलेल्या 70 जणांपैकी 27 जणांवर गंभीर प्रसंग आला, औषध घेणाऱ्या 73 पैकी फक्त दोघांवर. मुळी आणि गोळी एकमेकांच्या वैरी नाहीत. फरक मापाचा आहे. मुळीत किती औषध उतरलंय ते कळत नाही, आणि जास्त झालं तर मन खचतं, नाक चोंदतं. मला न सांगता ती गोळीच्या जोडीनं घेऊ नका. आणि खिशात काय आहे?

मामा: ज्येष्ठमध. शिकवून शिकवून घसा गेलाय, सवय आहे.

भाची: रोज चघळलात तर तोही दाब चढवतो आणि रक्तातलं पोटॅशियम उतरवतो. आणि गुडघ्यांसाठी?

मामा: मेडिकलवाल्याची गोळी. डायक्लोफिनॅक.

भाची: तीही दाब चढवते. टेल्मिसार्टनच्या जोडीनं तर मूत्रपिंडावर ताण येतो. लघवीची गोळीही चालू असेल तर फारच. मामीनं ते कमी सोडियमचं मीठ आणलंय, त्यात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टनवर असताना ते नको. साधंच मीठ, पण दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत.

मामा: बघ, आता तू हिशेब नीट करतेस. गोळी एकटी नसते, माणसाच्या खिशात आणि स्वयंपाकघरात बाकीचं खूप असतं. पण माझं मुख्य म्हणणं उरलंच. जन्मभर का?

भाची: जन्मभराची शपथ मी मागत नाही. वजन उतरलं, मीठ कमी झालं, तर कधीकधी डोस उतरवता येतो, क्वचित गोळी थांबवताही येते. पण मोजत मोजत आणि सांगून. काही गोळ्या एकाएकी तोडणं धोक्याचं असतं. क्लोनिडिन बंद केली की दाब उसळतो; अ‍ॅटिनोलॉल, मेटोप्रोलॉल तोडली तर हृदयरोग्याच्या छातीत कळ येऊ शकते. तुमची त्यातली नव्हती, हे नशीब. पण सोडताना तुम्हाला ते ठाऊक नव्हतं.

मामा: नव्हतं. ते मात्र खरं.

भाची: आणि माझाही आकडा मी अंतिम मानत नाही. तुम्ही जिना चढून आलात, खुर्चीत टेकलात आणि बोलत असतानाच मी पट्टा बांधला. तसं चालत नाही. चहानंतर अर्धा तास जाऊ द्यायचा, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, बाही वर करून दंड छातीच्या उंचीला ठेवायचा. सकाळी दोनदा, रात्री दोनदा, आठवडाभर. घरच्या मोजणीची सरासरी 135/85 च्या वर राहिली तर तो दाब खरा.

मामा: आणि तोवर?

भाची: तोवर 5 ची अ‍ॅम्लोडिपिन आजपासून. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम उद्या तपासू, मग टेल्मिसार्टन. काही आठवड्यांनी पुन्हा तपासू. एखाद्या दिवशी विसरलात तर आठवेल तेव्हा घ्या, दुसऱ्या दिवशी दोन नकोत. जुलाब-उलट्या लागल्या तर टेल्मिसार्टन घेण्याआधी फोन करा.

मामा: घेतो. ब्याण्णवांतला असण्याची शक्यता जास्त आहे हे माहीत असूनही घेतो. पण दर सहा महिन्यांनी हाच हिशेब पुन्हा मांडायचा, आणि मी नको म्हणालो तर ऐकून घ्यायचं.

भाची: ऐकून घेईन. भांडेनही.

माझा कौल दोघांनाही अर्धा अर्धा आहे. गोळी नाकारण्याचा हक्क मामांचा आहे. चुपचाप सोडण्याचा मात्र नाही, कारण मग वाद घालायला समोर कुणीच उरत नाही. तुमच्या घरी गोळी सुटली असेल, तर घरातल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या, गुडघ्याच्या आणि सर्दीच्या गोळ्या, काढे, चूर्णं, सगळं एका पिशवीत घालून या आठवड्यात डॉक्टरांपुढे ओता आणि का सोडली ते स्पष्ट सांगा. आणि तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं किंवा छातीत दाटून आलं, तर मनानं जास्तीची गोळी देत बसू नका. लगेच 108 ला फोन करा.