सुखाचा लगाम

टेक्सासातली आमची भाची घोड्यावरून पिंपांच्या शर्यतीत पळते. त्रिकोणात मांडलेल्या तीन पिंपांना वळसे घालून परत यायचं. पिंप पडलं की पाच सेकंद दंड. परवा फोनवर म्हणाली, "मामा, घोड्यासाठी सुखाचा लगाम शोधतेय."

सुखाचा? लोखंड टेकतं ते पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या उघड्या हिरडीवर! साध्या कडीत हाताचा ओढा तेवढाच पोचतो. कडीला लांब दांड्या असल्या की तरफेसारखा वाढतो. घोडा मान झटकू लागला की समजावं, अर्ज नामंजूर.

"हात जड असला, तर मऊ कडीही बोचणारच," मी म्हणालो.

तिने उलट सुनावलं. १९८५ साली लास व्हेगासच्या राष्ट्रीय रोडिओत चार्मेन जेम्सच्या स्कँपर घोड्याचा लगाम ऐन शर्यतीत निसटला. तरी पठ्ठ्याने फेरी जिंकली!

मी गप्प. आमच्या तीर्थरूपांनीही मला 'तुझ्याच सुखासाठी' कॉमर्सला घातलं होतं. आता चिरंजीवांसाठी मीही तोच फॉर्म आणून ठेवलाय. ज्याच्या तोंडात लोखंड, त्याचं सुख दोरवाल्याने ठरवायचं?

फॉर्म ड्रॉवरमध्ये सरकवला. फाडला मात्र नाही. न जाणो, आमचा घोडा स्कँपर नसला तर?