पत्त्यातला ‘ज्ञ’

वर्डप्रेसवर मराठी लेखाला शीर्षक दिलं की त्याच शीर्षकावरून लेखाचा इंटरनेटवरचा पत्ताही आपोआप तयार होतो. पत्त्याच्या या शेवटच्या तुकड्याला स्लग म्हणतात. डेटाबेसमध्ये त्याच्यासाठी २०० चिन्हांची जागा राखून ठेवलेली असते. इंग्रजी शीर्षकाला ती ऐसपैस पुरते. देवनागरीतलं एकेक चिन्ह साठवायला मात्र तीन बाइट लागतात, आणि पत्त्यात दर बाइटमागे एक टक्क्याची खूण आणि दोन अक्षरं-आकडे लिहावे लागतात. म्हणजे एका चिन्हामागे नऊ जागा गेल्या. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अक्षराचा पाय मोडणारी खूण, सगळ्यांची मोजणी वेगवेगळी. नुसत्या ‘ज्ञानेश्वर’ या शब्दाला ९० जागा लागतात. दोन ज्ञानेश्वर आणि वर दोन अक्षरं झाली की कोटा संपतो आणि उरलेलं शीर्षक कापलं जातं. असा पत्ता कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की समोरच्याला दिसते ती टक्क्यांच्या खुणांची लांबच लांब रांग. लिंक आहे की व्हायरस, असं वाटावं अशी.

हे टाळण्यासाठी मी एक छोटं प्लगइन लिहिलं. ते शीर्षक घेतं, रोमन लिपीत उतरवतं आणि वर्डप्रेसच्या हवाली करतं. नोकरीत माझं काम अगदी वेगळं आहे. हे घरचं, रात्रीची जेवणं आटोपल्यावरचं. अशा कामाला वर्डप्रेसमध्ये वाव आहे तो ‘हुक’मुळे. मे २००४ मधल्या १.२ या आवृत्तीपासून मूळ कोडला हात न लावता ठरावीक ठिकाणी आपलं फंक्शन अडकवता येतं. स्लग तयार होताना वर्डप्रेस जणू क्षणभर थांबून विचारतं, यात कुणाला काही बदल करायचाय का? तिथे आपण हात वर करायचा. एवढ्या एका सोयीवर आज पन्नास हजारांहून अधिक फुकट प्लगइन उभी आहेत. वर्षानुवर्षं वर्डप्रेससोबतच येत राहिलेलं ‘हॅलो डॉली’ तर एवढंच करतं की लुई आर्मस्ट्राँगच्या गाण्यातली एखादी ओळ पडद्याच्या कोपऱ्यात दाखवतं. ज्याचा कुणालाच उपयोग नाही असं प्लगइन मेंटेन करणं सगळ्यात सोपं, हे त्याच्याकडे बघताना नेहमी जाणवतं.

मराठी रोमनमध्ये उतरवणं वरवर पाहता तक्ता लावण्याचं काम आहे. क साठी के, म साठी एम, झालं. प्रत्यक्षात ‘आमटी’ची ‘अमाटी’ होऊ द्यायची नसेल तर मधला ‘अ’ कुठे गाळायचा हे ठरवावं लागतं, आणि ‘मित्र’मधला शेवटचा ‘अ’ राखावा लागतो. ‘संत’मधला अनुस्वार एन होतो, ‘संपादक’मधला एम. ‘विठ्ठल’चा व व्ही ने लिहितात आणि ‘ज्ञानेश्वर’चा डब्ल्यू ने, याला आपल्या सवयीपलीकडे काही कारण नाही. ‘माझा’ हा शब्द निम्मा महाराष्ट्र जे-एच घालून लिहितो आणि निम्मा झेड घालून. या सगळ्याला सर्वांनी मानलेलं एक प्रमाण नाही. लोक आपापल्या आधार कार्डावर आणि दुकानाच्या पाटीवर जे लिहितात तेच प्रमाण. मग मी माझ्या मनाने नियम ठरवले. छंदाचं सगळं सुख तिथे होतं. एका रात्री व चा नियम एक, दुसऱ्या रात्री दुसरा. विचारणारं कुणी नाही.

ही मोकळीक किती टिकते? पहिला अनोळखी माणूस ते प्लगइन आपल्या साइटवर चढवतो तोवर. लेखांच्या बाबतीत वर्डप्रेस सांभाळून घेतं. प्रसिद्ध झालेल्या लेखाचा स्लग बदलला तर जुन्या पत्त्यावर आलेल्याला ते नव्या पत्त्यावर नेऊन सोडतं. पण ही मेहरबानी लेखांपुरतीच आहे, विभागांना आणि टॅगांना ती नाही. विभागाचा पत्ता बदलला की गावोगावच्या ग्रुपांमध्ये फिरलेल्या जुन्या लिंक मेल्याच. त्यामुळे मला ‘माझा’बद्दल उपरती झाली तरी ती पोटातच ठेवावी लागते. मी ज्याला तात्पुरता निर्णय समजत होतो तो एका तालुक्याच्या गावातल्या साप्ताहिकासाठी कायमचा पत्ता होऊन बसलेला असतो. त्या संपादकांनी मला फोनवर सांगितलं, “साहेब, चूक-बरोबर तुमचं तुम्ही बघा. आमचं फक्त हलवू नका.” यापेक्षा नेमकं मागणं मी ऑफिसातल्या कुठल्याही कागदावर वाचलेलं नाही.

उलट बाजूचे लोकही आहेत. ‘ज्ञ’ मराठीत डी-एन-वाय आहे, हिंदीवाल्यांना तो जी-वाय हवा असतो, गुजरातीत जी-एन लिहितात. प्लगइन मराठीसाठी आहे हे पहिल्याच ओळीत लिहिलंय. पण देवनागरी दिसली की हिंदी साइटवाले येणारच. “सर, ज्ञान गलत आ रहा है.” त्यांच्या बाजूने ते खरंच गलत असतं. रशियन, बल्गेरियन, युक्रेनियन लिहिणाऱ्यांपुढे हाच पेच होता. सिरिलिक लिपीतलं एकच अक्षर रशियनसाठी एका पद्धतीने रोमनमध्ये उतरतं आणि बल्गेरियनसाठी दुसऱ्या. त्यांच्या प्लगइनमध्ये भाषेनुसार वेगळे तक्ते आहेत. उपाय ठाऊक आहे, त्यासाठी लागणाऱ्या रात्री माझ्याकडे नाहीत. शिवाय कोड लिहिण्यात जेवढा वेळ जातो त्याच्या कितीतरी पट ‘नाही’ म्हणण्यात जातो. मराठी माणसाला तर फुकटच्या गोष्टीबद्दल ‘नाही’ म्हणताना उगाचच ओशाळल्यासारखं होतं.

काही न करणंही इथे चालत नाही. प्रत्येक प्लगइनसोबत एक रीडमी फाइल असते. वर्डप्रेसच्या कुठल्या आवृत्तीपर्यंत हे तपासलं आहे, याची एक ओळ तिच्यात असते. तीन मोठ्या आवृत्त्या उलटल्या आणि ती ओळ तशीच राहिली, की तुमच्या पानावर पिवळी पट्टी झळकते. पेन्शनरांनी दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यावा, तसं मी अधूनमधून तो आकडा बदलतो. कोड तोच, फक्त मी जिवंत आहे. यात थोडा ढोंगीपणा आहे असं म्हणणारे मित्र आहेत. पण आकडा बदलण्याआधी नव्या आवृत्तीवर पाच-पंचवीस शीर्षकं चालवून बघावीच लागतात, आणि कधीतरी त्यात काहीतरी सापडतं. कारण आपण कोडला हात लावला नाही तरी त्याच्या खालची जमीन सरकत असते. नोव्हेंबर २०२० मध्ये, वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीची ८.० ही आवृत्ती आली आणि त्यातून ‘क्रिएट फंक्शन’ हे जुनं फंक्शन कायमचं हद्दपार झालं. ते वापरणारी, वर्षानुवर्षं निमूट चाललेली प्लगइन होस्टिंगवाल्याने सर्व्हर अपडेट केल्याच्या दिवशी एकदम कोसळू शकतात. लेखक म्हणतो, मी काहीच केलं नाही. ते खरंच असतं, आणि गोची तीच असते.

मग या मंडळींचं मी नेमकं काय देणं लागतो? लायसन्सचं उत्तर स्वच्छ आहे. वर्डप्रेस आणि त्यावरची प्लगइन ज्या जीपीएलखाली येतात, त्यात कसलीही हमी नाही असं ठणकावून लिहिलेलं आहे. कायद्याने मी शून्य देणं लागतो. तरीही साप्ताहिकाच्या संपादकांचा फोन मला टाळता येत नाही, आणि याला मी भाबडेपणा मानत नाही. मी त्यांना बोलावलं नव्हतं हे खरं. पण दार उघडं ठेवून आत या अशी पाटी लावली होती हेही खरं. त्या पाटीचं देणं लागतो, एवढं मी मान्य करतो. ते देणं जन्मभर पुरवण्याचं आहे, हे मात्र मला मान्य नाही.

सोडून देण्याला आपण फार घाबरतो. खुद्द वर्डप्रेस एका सोडून दिलेल्या कामातून जन्मलं आहे. मिशेल वाल्द्रिगी यांचं बी-टू नावाचं ब्लॉगिंगचं सॉफ्टवेअर होतं. त्यांच्या हातून त्याचं काम थांबलं, तेव्हा मॅट मुलनवेग हा अमेरिकेतला कॉलेजातला मुलगा आणि इंग्लंडमधले माइक लिटल यांनी तोच कोड उचलून मे २००३ मध्ये वर्डप्रेसची पहिली आवृत्ती काढली. बी-टू जीपीएलखाली होतं म्हणून हे जमलं. कुणाची परवानगी लागली नाही, कुणाची किल्लीही लागली नाही. नव्या नावाने, नव्या पत्त्यावर काम सुरू झालं. ज्यांना यायचं होतं ते समजून-उमजून आले.

किल्ली देणं ही मात्र वेगळी आणि जास्त धोक्याची गोष्ट. प्लगइन थोडं वापरात आलं की विकत घेऊ का, अशा मेल यायला लागतात. त्या मेलवाल्यांना कोड नको असतो, तो तर फुकटच आहे. त्यांना हवी असते अपडेट पाठवण्याची चावी. २०१७ मध्ये ‘डिस्प्ले विजेट्स’ हे सुमारे दोन लाख साइटवर असलेलं प्लगइन मूळ लेखकाने विकलं आणि नव्या मालकाने अपडेटमधून त्यात चोरवाट घातली. साइटवाल्यांनी फक्त ‘अपडेट’वर क्लिक केलं होतं, म्हणजे सगळे जे करायला सांगतात तेच. मार्च २०२४ मध्ये उघडकीला आलेलं ‘एक्सझेड’ या फाइल लहान करणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरचं प्रकरण तर याहून भयंकर. तिथे पैशांचा व्यवहारही नव्हता. एकट्याने वर्षानुवर्षं काम ओढणाऱ्या, थकलेल्या माणसाला एका अनोळख्याने दोनेक वर्षं मदत केली, विश्वास मिळवला आणि मग त्यातच विष कालवलं. सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या शंकेवरून एका इंजिनिअरने ते पकडलं. त्या थकलेल्या माणसामागे ‘अपडेट कधी येणार, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या’ असा सार्वजनिक तगादाही लावला गेला होता. तगादा लावणारी नावं बहुधा त्याच कटातली होती. पण तसा तगादा कुणाला खटकला नाही, कारण आपण सगळे रोज तसंच बोलतो.

म्हणून माझ्या रीडमीत आता पाच वाक्यं आहेत. सुरक्षेचा प्रश्न असेल तर इतर कामं बाजूला ठेवून बघेन. बाकीचं सवडीने. जुन्या नियमांनी झालेले पत्ते आपोआप बदलणार नाहीत. हे प्लगइन विकलं जाणार नाही. थांबायचं झालं तर इथेच तसं लिहून ते बंद करेन. देणगीचं बटण लावलेलं नाही. पैसे घेतले की ‘सवडीने’ हा शब्द खोडावा लागेल, आणि माझा सगळा व्यवहार त्या शब्दावर चालतो.

ही वाक्यं टाकल्यावर तक्रारी कमी झाल्या नाहीत. त्यांचा सूर जरा बदलला. एक शिक्षक आहेत, शाळेच्या ब्लॉगसाठी प्लगइन वापरतात. ‘सिंह’ आणि ‘संशय’ यांतल्या अनुस्वारांवर त्यांनी मला भंडावून सोडलं आणि शेवटी कंटाळून स्वतःच कोड शिकायला बसले. हिंदीचा वेगळा तक्ता त्यांनीच लिहून पाठवला. त्यातली ओळ न् ओळ मी वाचली, एक्सझेडच्या आठवणीने दोनदा वाचली. ‘ज्ञ’ त्यांनी नीट बसवलाय. व चा त्यांचा नियम मला पटत नाही. जोडाक्षरातसुद्धा ते सरसकट व्ही लावतात, आणि ‘ईश्वर’ कसासाच दिसतो. मी तसं कळवलं. त्यांचं उत्तर आलं, “सर, हिंदीवाले वापरणार आहेत, तुम्ही नाही.” पुढच्या आवृत्तीत तो तक्ता जसाच्या तसा जातोय.