मागे काय ठेवून जाणार?



संत लूकच्या शुभवर्तमानातील बाराव्या अध्यायात गर्दीतला एक माणूस प्रभू येशूकडे तक्रार घेऊन येतो. वडिलांच्या मालमत्तेत भाऊ त्याला वाटा देत नाही. गुरुजींनी भावाला चार शब्द सुनवावेत, एवढेच त्याचे मागणे. प्रभू त्या भांडणात पडत नाही. तो एका श्रीमंत शेतकऱ्याचा दाखला सांगतो. त्या शेतकऱ्याने चोरी केली नव्हती, कोणाला फसवलेही नव्हते. शेत पिकले, कोठारे अपुरी पडली, म्हणून त्याने मोठी कोठारे बांधायचे ठरवले. सगळ्याचा विचार त्याने केला, फक्त आपल्या मरणाचा केला नाही. त्या रात्री देवाने त्याला नेमके तेच विचारले: हे जे साठवलेस, ते आता कोणाचे?

हा प्रश्न आपल्यालाही टळलेला नाही. तरी घरात मृत्युपत्राचा विषय निघाला की आपण म्हणतो, 'असे अभद्र कशाला बोलायचे?' मग आईवडील गेल्यावर सख्खी भावंडे कोर्टाची पायरी चढतात, आणि वर्षश्राद्धाच्या मिस्सालाही वेगवेगळ्या बाकांवर बसतात. शुभवर्तमानातला तो माणूस अजूनही गर्दीतून ओरडतोच आहे.

या बाबतीत आपल्या बाप्टिस्ट बांधवांकडून शिकण्यासारखे बरेच आहे. त्यांची परंपरा सतराव्या शतकाच्या आरंभापासूनची. त्यांच्यात आपल्यासारखे बिशप वा धर्मप्रांत नाहीत. प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतः पाहते आणि आपला खर्च स्वतः भागवते. त्यामुळे अमेरिकेतील बाप्टिस्टांपुढे एक प्रश्न वारंवार आला: मंडळीसाठी कायम ठेव असावी का? सभासदांनी मृत्युपत्रात मंडळीचा वाटा ठेवावा का?

काहींचे उत्तर होते, नको. पूर्वजांच्या पैशाचे व्याज मिळू लागले की जिवंत माणसांचे हात आखडतात, प्रत्येक पिढीने आपला भार आपणच उचलावा, असे ते म्हणत. ही भीती खोटी नाही. इतरांचे म्हणणे वेगळे होते. माणूस दर रविवारी देतो ते महिन्याच्या मिळकतीतून. पण त्याचे खरे धन घर, जमीन आणि ठेवी यांत असते, आणि त्याचा विचार देवापुढे कधी होतच नाही. जो आयुष्यभर देत आला, त्याचे देणे त्याच्या अंत्यविधीच्या दिवशीच का थांबावे? या विचारातून अमेरिकेच्या निरनिराळ्या राज्यांत बाप्टिस्टांनी अशा दानांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्था काढल्या. टेक्सासमधली १९३० साली सुरू झाली. कायम ठेवीची रीत साधी असते: मुद्दलाला हात लावायचा नाही, उत्पन्न तेवढे खर्च करायचे. ते उत्पन्नही रोजच्या खर्चासाठी न वापरता मिशनकार्य, शिष्यवृत्त्या, गरिबांची मदत अशा कामांसाठी राखणे शहाणपणाचे. म्हणजे रविवारच्या दानाची गरज कायम राहते.

मृत्युपत्रातले दान किती दूर पोहोचते, याचे एक उदाहरण आपल्याच देशात आहे. इंग्लंडमधील लीड्स शहरात रॉबर्ट आर्थिंग्टन नावाचा गृहस्थ राहत असे. जन्म १८२३ चा, घराणे क्वेकर पंथाचे, बापाची इस्टेट मोठी. हा मात्र अविवाहित राहिला, मोठ्या घरातल्या एका खोलीत अगदी काटकसरीने जगला. लोक त्याला कंजूष म्हणत. पण जिथे शुभवार्ता पोहोचली नाही तिथे ती जावी, हाच त्याचा ध्यास होता. १८७७ साली काँगोतील मिशनसाठी त्याने बाप्टिस्ट मिशनरी सोसायटीला एक हजार पौंड देऊ केले. त्याच्याच पैशावर लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन तरुण मिशनरी ११ जानेवारी १८९४ रोजी आजच्या मिझोरममध्ये पोहोचले. त्यांनी मिझो भाषेला रोमन अक्षरांत लिपी दिली. हा दिवस मिझोरममध्ये आजही पाळला जातो. १९०० साली आर्थिंग्टन वारला तेव्हा त्याची इस्टेट दहा लाख पौंडांच्या घरात होती. त्यातला मोठा वाटा त्याने बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी आणि लंडन मिशनरी सोसायटी यांना ठेवला होता. १९०३ साली तेच दोघे मिशनरी बाप्टिस्ट सोसायटीतर्फे दक्षिण मिझोरममध्ये परत आले.

मग त्या पैशाने मिझो ख्रिस्ती आयतोबा झाले का? उलट घडले. १९१० च्या सुमारास तिथल्या ख्रिस्ती स्त्रियांनी एक प्रथा सुरू केली. प्रत्येक जेवणाचा भात शिजवायला घेताना त्या मूठभर तांदूळ देवाच्या कामासाठी बाजूला काढून ठेवू लागल्या. गरीब घरांतली ती मूठ अजूनही निघते. दान देणाऱ्याचे मन खरे असेल तर दान घेणाराही दाता होतो, ते असे.

पण पैसा साठतो तिथे मोहही येतो. ॲरिझोना राज्यातील बाप्टिस्टांनी १९४८ साली अशीच एक संस्था काढली होती. पुढे तिच्या चालकांनी 'हे देवाचे काम आहे' असे सांगून लोकांच्या ठेवी गोळा केल्या आणि तोटा लपवत राहिले. १९९९ साली संस्थेचे दिवाळे निघाले. सुमारे अकरा हजार लोकांचे मिळून जवळजवळ ५७ कोटी डॉलर अडकले. त्यांत कितीतरी वृद्ध होते, आयुष्यभराची पुंजी त्यांनी विश्वासाने ठेवली होती. संस्थेच्या प्रमुखांना २००६ साली शिक्षा झाली. यातून धडा घ्यायचा तो असा: देवाच्या नावावर घेतलेल्या पैशाचा हिशेब अधिक चोख हवा. आपला कॅनन कायदाही हेच सांगतो. दात्याने ज्या हेतूने दिले त्याच हेतूने ते खर्च झाले पाहिजे, आणि भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना मिळाला पाहिजे. असा हिशेब मागणे हा तुमचा हक्क आहे, तो अविश्वास नव्हे.

आता आपल्या कायद्याविषयी. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यातील ११८ व्या कलमाने ख्रिस्ती माणसाच्या हातात बेडी घातली होती. ज्याला पुतण्या, भाचा किंवा त्याहून जवळचे नातेवाईक आहेत, त्याला धर्मकार्यासाठी किंवा परोपकारासाठी मृत्युपत्राने काही ठेवायचे असेल, तर ते मृत्युपत्र मरणापूर्वी किमान बारा महिने केलेले असावे आणि करताच सहा महिन्यांत सरकारी ताब्यात ठेवलेले असावे, अशी अट होती. हिंदू वा मुसलमान बांधवांना ती अट नव्हती. केरळमधील धर्मगुरू फादर जॉन वल्लमट्टम यांनी तिला आव्हान दिले आणि जुलै २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. आज कॅथलिक असो वा बाप्टिस्ट, प्रत्येक भारतीय ख्रिस्ती माणसाला ती मोकळीक आहे.

मृत्युपत्र करणे अवघड नाही. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि त्या दोघांनीही सही करावी. ज्याला वाटा द्यायचा त्याला किंवा त्याच्या पत्नीला वा पतीला साक्षीदार करू नये, नाहीतर तो वाटा बाद होतो. आपल्या कायद्यानुसार लग्न झाल्यावर आधीचे मृत्युपत्र रद्द होते, हेही लक्षात ठेवावे. मृत्युपत्र नसेल, तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले मुलामुलींना सारखे, अशी साधारण वाटणी कायदा करतो. त्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो, हे पुष्कळ घरांत अजून ठाऊक नाही. गोव्यातला वारसा कायदा मात्र वेगळा आहे.

कोणी विचारील, 'फादर, मुलांच्या तोंडचा घास काढून चर्चला द्यायचा का?' मुळीच नाही. देवाला अर्पण केले असे सांगून आईवडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना प्रभू येशूने किती कडक शब्दांत सुनावले, ते संत मार्कच्या सातव्या अध्यायात वाचा. कुटुंबाची काळजी हे पहिले कर्तव्य. घरात अपंग मूल असेल, विधवा बहीण असेल, तर आधी त्यांची सोय करा. कोणावर रागावून त्याचा वाटा कापण्यासाठी चर्चला काही देऊ नका. रागातून दिलेले ते अर्पण होत नाही. पण सर्वांची सोय झाल्यावर काही उरत असेल, तर त्यात एका गरीब विद्यार्थ्याचा, एका आजारी माणसाचा, आपल्या धर्मग्रामाचा वाटा असू द्या. मुलांपासून लपवून नव्हे, त्यांना जवळ बसवून, समजावून द्या. आईवडील कसे देतात हे ज्या मुलांनी पाहिले, त्यांना त्याहून मोठा वारसा तो कोणता?

ज्या देवळात आपण गुडघे टेकतो, ज्या शाळेत आपली मुले शिकतात, त्या आपण बांधलेल्या नाहीत. कोणीतरी जागा दिली, कोणी दगड वाहिले, कोणी मरताना काही ठेवून गेले. त्यांतल्या बहुतेकांची नावेही आपल्याला माहीत नाहीत. त्यांच्या देण्यावर आपण उभे आहोत.

या आठवड्यात एक संध्याकाळ राखून ठेवा. रोझरीनंतर घरातल्या सर्वांनी एकत्र बसा. घरात काय आहे, कोणाची गरज मोठी आहे, देवाचा वाटा कोणता, हे शांतपणे बोला आणि कागदावर उतरवा. त्या श्रीमंत शेतकऱ्याला एवढी एकच संध्याकाळ मिळाली नाही. आपल्याला ती मिळाली आहे.

प्रभू आपल्या घरांना शांती आणि आपल्या हातांना औदार्य देवो. आमेन.