विचारणाऱ्याचे उत्तरदायित्व

योजनेचा आराखडा आखण्यापूर्वी ती ज्यांच्यासाठी आहे त्यांना त्यांची गरज विचारावी, हे तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. इतके की ते पाळल्याची नोंद बहुतेक प्रत्येक फायलीत सापडते. आमची शंका त्या नोंदीपलीकडची आहे. उत्तर ऐकून स्वतःचा बेत बदलण्याची ज्याची तयारी नाही, त्याला प्रश्न विचारण्याचा नैतिक अधिकार पोहोचतो काय?

सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आमच्या कित्येक वाचकांना आठवत असेल. १९८३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात दोन दशकांत तीन कोटींहून अधिक चुली मांडल्या गेल्या. हेतू निर्मळ होता: सरपण वाचावे, जंगलावरचा भार हलका व्हावा, स्त्रियांच्या डोळ्यांतील धूर जावा. परंतु चुलीचे तोंड लहान असल्याने लाकूड बारीक फोडून घ्यावे लागे, आणि ते काम पुन्हा बाईच्याच वाट्याला येई. भांड्यांची भोके ठरावीक मापाची. घरची भांडी त्या मापाची असतच असे नाही. धुराडे काजळीने तुंबे. शिवाय ज्या धुरास आपण निव्वळ वैरी समजलो, तोच गवती छपरातील किडीला दूर ठेवीत होता. पुष्कळ चुली मोडल्या, पुष्कळ अडगळीत गेल्या आणि २००२ साली केंद्राने हा कार्यक्रम राज्यांवर सोपविला.

'धुराचा त्रास होतो ना?' या प्रश्नाला नाही म्हणणारी गृहिणी कोठे सापडेल? अशा प्रश्नाच्या पोटात उत्तर आधीच दडलेले असते. त्यातून विचारणारा जीपमधून उतरलेला, आणि उत्तर देणारा बहुधा घरचा कर्ता पुरुष. साहेबापाशी काय देण्यासारखे आहे हे ताडून माणूस तेवढेच मागतो. त्याला खोटेपणा म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते. तो व्यवहार आहे. परप्रांतात काम करणाऱ्या आपल्यासारख्यांची अडचण तर दुहेरी. गावची बोली कळत नाही, तेव्हा बाईचे उत्तर आपणापर्यंत पोहोचते ते मधल्या कोणा पटवाऱ्याच्या तोंडून, आणि त्याला साहेबाची मर्जी बाईच्या अडचणीपेक्षा अधिक परिचयाची असते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. धुराने फुप्फुसे खराब होतात हे त्या बाईस ठाऊक नसेल, तर ज्याला ठाऊक आहे त्याने, केवळ तिने मागितले नाही म्हणून, गप्प बसावे काय? मुळीच नाही. त्याने ते स्पष्ट सांगावे, हवे तर वादही घालावा. सांगणे हे सांगणे म्हणूनच केले, तर तिला नाकारण्याची मोकळीक राहते. तेच प्रश्नाच्या वेषात केले, की तिच्या होकाराचा कागद तयार होतो आणि पुढे चूल मोडल्याचा दोषही तिच्याच माथी येतो. 'लोक अडाणी, वापरीत नाहीत,' असा शेरा आपण सर्वांनीच कोठे ना कोठे वाचलेला आहे.

वस्तुतः एखादी जाणती कार्यकर्ती एका घरी चुलीजवळ, पाणी तापण्यापासून निखारे विझेपर्यंत, नुसती बसली असती, तरी लाकडाची लांबी आणि भांड्यांची मापे प्रश्नावलीवाचून कळली असती. मात्र त्या संध्याकाळचा भत्ता कोणत्या सदराखाली मागावा, हे आमच्या कोणत्याही नियमावलीत लिहिलेले नाही; आणि मार्चअखेरीस चुलींचा आकडा तर द्यायचाच असतो.