न दुखणारी गाठ

स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात सगळी अडचण इथूनच सुरू होते.

राळेगाव, केळापूर, झरी जामणीकडे दिवाळीच्या आगेमागे वेचणी लागली की बाया सकाळीच शेतात जातात. मजुरी किलोवर. घरी राहिलं तर हाती काहीच नाही. अशा घरात बाईला दवाखान्यात जायला कारण लागतं, आणि घरच्यांना पटणारं कारण एकच, दुखणं. तापाने अंग फणफणलं, कंबर धरली, की सासूही ‘जाऊन ये’ म्हणते. ही गाठ मात्र काम करू देते, जेवू देते, झोपू देते. मग सांगायचं काय? वेचणी होऊ दे, असं ती स्वतःलाच समजावते. वेचणीनंतर लग्नसराई, मग पेरणी. पुढे कातडी ओढली जाते, जखम वाहू लागते, तेव्हा कुठे ती घराबाहेर पडते. तोवर रोग बहुधा काखेपर्यंत किंवा त्याही पुढे पोचलेला असतो.

याला अज्ञान म्हणणं मला पटत नाही. गाठ तिला केव्हाच लागलेली असते. काही दुखत नसताना दवाखान्याची पायरी चढायची मुभा तिला नसते.

पैशाची सोय काही प्रमाणात झाली आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत, 17 मार्च 2023 पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. पण केमोथेरपी अनेकदा दर 21 दिवसांनी, आणि रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे. त्यासाठी नागपूर गाठायचं, तर ते यवतमाळ शहरापासूनच दीडशे किलोमीटर. पुसद-उमरखेडवाल्यांना त्याहून लांब. सोबत येणाऱ्याचाही रोज बुडतो. गाठ लहान असताना सापडली, तर यातलं बरंच टळू शकतं.

टाटा रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी करत. ना यंत्र, ना पुरुष डॉक्टर. 2021 साली निष्कर्ष आले: पन्नाशीपुढच्या बायांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. त्याहून तरुण बायांत तसा फरक दिसला नाही, पण रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला.

हे आपल्याकडेही करता येईल. तपासणी गावातच व्हावी, बाईच्या हातून व्हावी, आणि बाजाराच्या दिवशी व्हावी, कारण त्या दिवशी शेतातलं काम बंद असतं. आशाताईंनी दारात आल्यावर ‘काही दुखतं का’ एवढ्यावर न थांबता ‘कुठे गाठ लागते का’ हेही विचारावं. आणि शेतमालकांनो, वेचणीला येणारी बाई एखाद्या दिवशी दवाखान्यात जाते म्हणाली, तर त्या दिवसाची मजुरी तिला द्या.